मदनोत्सव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला की मोबाइलवर एक ठरलेला मजकूर फिरू लागतो: ‘व्हॅलेंटाईन डे कशाला? आपल्याकडे हजारो वर्षांपासून मदनोत्सव होता!’ खाली गुलाबाचं चित्र. मग कुणी विचारतं, तो कधी असायचा? कुणी विचारतं, मग बंद का पडला? आणि एखादी मावशी विचारते, ‘असलं काही होतं तर आमच्या आजीला कसं माहीत नव्हतं?’ मावशीचा प्रश्न सगळ्यांत चांगला आहे. त्याचं उत्तर खाली येईलच, पण आधी मुळातलं पाहू.

मदनोत्सव म्हणजे नेमकं काय?

वसंत ऋतूत कामदेवाची पूजा करून साजरा होणारा नागर उत्सव. बागेत जायचं, फुलं खुडायची, रंग उधळायचा, गाणं-नाचणं आणि रात्री नाटक. वसंतोत्सव, वसंतमहोत्सव, मदनमहोत्सव, सुवसंतक ही त्याची किंवा त्याला अगदी लागून असलेल्या उत्सवांची नावं. या नावांमध्ये काटेकोर भिंती नाहीत. एकाच नाटकात एक पात्र त्याला वसंतोत्सव म्हणतं तर दुसरं मदनोत्सव.

याचा जुना उल्लेख कुठे सापडतो?

वात्स्यायनाच्या, साधारण तिसऱ्या शतकातल्या कामसूत्रात. या ग्रंथाचं नाव निघालं की लोक भलतीकडेच बघू लागतात, पण त्याच्या पहिल्या भागात एक प्रकरण शहरी माणसाच्या दिनचर्येवर आहे: सकाळी दात कसे घासावेत, मित्र कसे जमवावेत, सण कोणते पाळावेत. तिथे सणांचे दोन गट केले आहेत. यक्षरात्री, कौमुदीजागर आणि सुवसंतक हे सगळीकडे साजरे होणारे. बाकीचे त्या त्या मुलखातले, म्हणजे आंब्याशी निगडित सहकारभंजिका, कदंबाच्या फुलांनी मारामारी करायचं कदंबयुद्ध वगैरे. सुवसंतक म्हणजेच मदनोत्सव, असं पुढे कामसूत्रावरच्या तेराव्या शतकातल्या जयमंगला टीकेत सांगितलं आहे.

थोडक्यात, वात्स्यायनाच्या काळीच हा सण ‘सगळ्यांना माहीत असलेला’ होता. त्याची सुरुवात कुणी, कोणत्या साली केली हे शोधण्यात अर्थ नाही. शिमग्याची सुरुवात कुणी केली असं कुणी विचारतं का?

कामदेव मुळात कोण?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या नासदीय सूक्तात ‘काम’ येतो, पण तिथे तो देव नाही. सृष्टीच्या आधी, काहीच नसताना, मनाचं पहिलं बीज म्हणून काम उपजला, असं ते सूक्त म्हणतं. अथर्ववेदात त्याच्या हाती बाण येतो. तिसऱ्या कांडात एक मंत्र आहे, ज्यात हव्या त्या स्त्रीच्या काळजात कामाचा बाण घुसावा अशी प्रार्थना केली आहे. उसाचं धनुष्य, भुंग्यांची दोरी, पाच फुलांचे बाण, पोपटाचं वाहन आणि ध्वजावर मगर हा थाट नंतरचा. पाच फुलं म्हणजे कमळ, अशोक, आंब्याचा मोहोर, नवमल्लिका आणि निळं कमळ. यांतलं एकही विकत आणायचं नव्हतं, सगळी दारच्या बागेत.

शंकराने तिसरा डोळा उघडून त्याला जाळलं ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कालिदासाने ती कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात सांगितली आणि चौथा सर्ग रतीच्या विलापाला दिला. जळल्यावर तो अनंग झाला, बिनदेहाचा. हे नाव लक्षात ठेवा, पंचांगात पुन्हा भेटेल.

त्या दिवशी लोक करायचे काय?

याचं सगळ्यांत जिवंत वर्णन हर्षाच्या ‘रत्नावली’त आहे. हर्ष म्हणजे ६०६ ते ६४७ या काळात कनौजवर राज्य केलेला हर्षवर्धन. नाटक घडतं कौशांबीत, उदयन राजाच्या नगरीत.

पहिल्या अंकात राजा आणि विदूषक वाड्याच्या गच्चीवर उभे राहून खालची गंमत पाहताहेत. मृदंग वाजताहेत, चर्चरी गाणी चालू आहेत. केशर मिसळलेलं सुगंधी पीठ इतकं उधळलंय की भरदिवसा पहाट झाल्यासारखं पिवळं ऊन पसरलंय आणि अख्खी कौशांबी सोन्यात बुडवून काढल्यासारखी दिसतेय. कारंज्यांच्या पाण्याने अंगण भिजलंय आणि त्यावर बायकांच्या पायांनी शेंदराचा चिखल झालाय. त्या धुरळ्यात लोकांच्या हातांत पिचकाऱ्या आहेत. त्या काळी त्यांना ‘शृंगक’ म्हणत, म्हणजे शिंगाच्या आकाराच्या. फण्यासारख्या वर उचललेल्या त्या पिचकाऱ्या पाहून राजाला वाटतं, हा तर पाताळातला नागलोकच. नंतर राणीच्या दोन दासी मदनिका आणि चूतलतिका नाचत-गात येतात आणि विदूषक त्यांच्यात घुसून आपलं हसं करून घेतो.

वाचून कुणाला रंगपंचमी आठवली असेल तर चूक तुमची नाही.

दुपारनंतर सूर बदलतो. राणी वासवदत्ता मकरंद नावाच्या बागेत तांबड्या अशोकाखाली कामदेवाची पूजा मांडते, राजाला तिथे बोलावते आणि देवाची पूजा झाल्यावर नवऱ्याची पूजा करते. हाच विधी पुढे पुराणांत आणि व्रतांच्या पोथ्यांत येतो: अशोकाखाली काम-रतीची पूजा आणि नवऱ्यालाच मदन समजून त्याचा मान.

म्हणजे हा प्रेमी युगुलांचा दिवस होता ना?

फिरणाऱ्या मजकुराची गल्लत इथेच होते. विधीने पाहिलं तर हा विवाहित स्त्रियांचा सण, आणि उधळणीने पाहिलं तर सगळ्या गावाचा. ‘अविवाहित मुलामुलींनी जोडीदार निवडण्याचा दिवस’ अशी सोय शास्त्रात कुठे लिहिलेली नाही.

मग प्रेमाचं काय? ते होतंच, पण फटीतून शिरणारं. बायका, मुली, दासी, गणिका, राजे, व्यापारी, परदेशी विद्यार्थी असे सगळे एकाच बागेत, एकाच वेळी घराबाहेर. वर्षभर जी माणसं एकमेकांना दिसतच नाहीत ती त्या दिवशी दिसतात, आणि नाटककारांना एवढं पुरतं.

त्याच ‘रत्नावली’त सागरिका नावाची एक दासी आहे. खरं तर ती सिंहलची राजकन्या, पण ते तिथे कुणाला माहीत नाही. राजाची नजर तिच्यावर पडू नये म्हणून राणी तिला मैनेची देखभाल करायला पिटाळते. ती जात नाही. झुडपाआड लपून फुलं खुडत पूजा बघते. तिच्या बापाच्या घरी चित्रातल्या कामदेवाची पूजा व्हायची, आणि इथे तर देव स्वतः बसून पूजा घेतोय, असं तिला वाटतं. ती लांबूनच फुलं वाहते. संध्याकाळ होते, भाट राजाची स्तुती गातो, तेव्हा तिला कळतं की तो मदन नव्हेच, उदयन आहे. प्रेमात पडण्याचं इतकं साधं आणि इतकं नेमकं दृश्य मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तही अशोकच आहे. तो फुलत नाहीये. सुंदर तरुणीने पायाने स्पर्श केला की अशोक फुलतो, असा कविसंकेत, त्याला दोहद म्हणतात. हे काम खरं राणी धारिणीचं, पण झोपाळ्यावरून पडून तिचा पाय दुखावलाय. म्हणून मालविकेला पाठवतात. तिची सखी तिच्या पावलांवर अळता रंगवत बसते आणि राजा आडून बघत उभा असतो.

‘हा आमचा प्रेमाचा सण’ म्हणून छाती फुगवताना एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे गाळली जाते: या नाटकांच्या शेवटी राजाची आणखी एक राणी वाढते, आणि आधीच्या राण्यांनी त्यावर काय भोगलं ते मधल्या अंकांत येतं.

महाराष्ट्राचा याच्याशी संबंध आहे का?

आहे, आणि ओढूनताणून नाही.

सातवाहन राजा हालाने संकलित केलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत. तिच्यात फाल्गुनातल्या उत्सवाच्या गाथा आहेत. एकीत एका मुलीच्या अंगावर सणाच्या निमित्ताने कुणीतरी चिखल फासलाय. सणात त्याचा दोष धरत नाहीत. ती तो धुवायला निघालीय आणि मैत्रीण चिडवते: घामाने तो आधीच धुऊन निघालाय, आता आणखी काय धुतेस? राजवाडा, केशर, कारंजी यांतलं काही नाही. गोदावरीकाठचं खेडं, चिखल आणि दोन ओळींत सगळं उघडं पाडणारी मैत्रीण. संस्कृत नाटकातल्या वसंतापेक्षा हा वसंत मला जास्त खरा वाटतो.

मालविका ही विदर्भाची राजकन्या. संस्कृत नाटककार भवभूती स्वतः विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याच्या ‘मालतीमाधवा’तला माधव विदर्भातल्या कुंडिनपूरच्या मंत्र्याचा मुलगा, शिक्षणासाठी पद्मावती नगरीत आलेला. मदनोद्यानाच्या यात्रेत तो बकुळीची माळ गुंफत बसलेला असतो, तिथे हत्तिणीवरून मालती येते. त्यांची एकमेकांवर नीट नजर पडते ती त्या दिवशी. कुंडिनपूर म्हणजे आजचं अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर.

आणि वेरूळच्या कैलास लेण्यात उसासह कोरलेले काम आणि रती आजही उभे आहेत. लोक त्यांच्यासमोरून सेल्फी काढत पुढे निघून जातात.

तिथी कोणती?

पोथ्यांचं उत्तर चैत्र शुद्ध त्रयोदशी असं आहे. तिलाच अनंग त्रयोदशी किंवा मदन त्रयोदशी म्हणतात. नाटकांत मात्र चैत्रातला उत्सव एवढंच कळतं, गाथांत तो फाल्गुनात जातो, आणि माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे वसंत पंचमीलाही, काम-रतीची पूजा सांगितलेली आहे. त्यामुळे एकच तारीख ठोकून देणाऱ्या मजकुरावर विश्वास ठेवू नका. चौदा फेब्रुवारीशी मात्र यातल्या कशाचाही संबंध नाही. कधी वसंत पंचमी नेमकी त्या दिवशी पडली, तर तो पंचांगाचा योगायोग.

भेटवस्तू देत असत का?

अल्-बिरुनी या विद्वानाने १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात सणांचं एक प्रकरण आहे. चैत्री पौर्णिमेला बायका दागिने घालून नटतात आणि नवऱ्याकडे भेटवस्तू मागतात, असं तो नोंदवतो. मागतात, हा शब्द त्याचाच. चैत्र शुद्ध एकादशीला झोपाळ्याचा उत्सव आणि वैशाख शुद्ध तृतीयेला गौरीची पूजा, दिवे, उपास आणि झोके हेही तो सांगतो.

वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय तृतीया. आपली चैत्रगौर चैत्र शुद्ध तृतीयेला झोपाळ्यात बसते ती याच दिवशी उठते. मधे हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हं, ओले हरभरे आणि मोगऱ्याचा गजरा. आता सुरुवातीच्या मावशींकडे वळू. आजीला मदनोत्सव माहीत नव्हता हे खरं, पण झोपाळा, आंबा, सुगंध आणि नटून जमलेल्या बायका हा वसंताचा सगळा सरंजाम ती दरवर्षी दिवाणखान्यात मांडत होती. फक्त त्यात मदन नव्हता, गौर होती.

होळी आणि मदनोत्सव एकच का?

एक नाहीत, पण शेजार जुना आहे. होळीला हुताशनी म्हणतात तसं कामदहनही म्हणतात. दक्षिणेत तर होळी म्हणजे कामाचीच गोष्ट. कर्नाटकात कामण्णाला जाळतात, तमिळ मुलखात कामन पंडिगै असते.

तंजावर भागात या सणाला दोन पक्ष पडतात आणि गाण्यातून सवालजवाब झडतात. एक म्हणतो, काम जळाला. दुसरा म्हणतो, जळालाच नाही. या गाण्याच्या प्रकाराचं तिथलं नाव ‘लावणी’. तंजावरच्या मराठ्यांबरोबर गेलेली लावणी तमिळ झाली आणि मदनाची वकिली करत बसली. डफ-तुणतुण्यावरचा कलगी-तुऱ्याचा झगडा ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

मग मदनोत्सव बंद का पडला? परकीय राजवटीमुळे?

हे उत्तर सोपं आहे म्हणून लोकप्रिय आहे. पण तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने व्रतांचा प्रचंड संग्रह केला, त्यात मदनमहोत्सव आहे. तोवर त्याचं रूप मात्र बरंचसं व्रताचं झालेलं: पूजा, नैवेद्य, दान, फळ. बागेतला गोंधळ त्यातून ओसरलेला. हे देवगिरी पडण्याच्या आधीचं आहे.

माझं मत विचाराल तर हा सण मेला नाही, त्याची वाटणी झाली. मोठा वाडा पडतो तेव्हा खांब एकाकडे जातात, देव्हारा दुसऱ्याकडे, पितळी हंडा तिसऱ्याकडे. रंग, पिचकाऱ्या आणि सणात दोष न धरण्याची मुभा शिमग्याने आणि रंगपंचमीने नेली. झोपाळा चैत्रगौरीने नेला. मदनाला जाळण्याची गोष्ट होळीकडे आली. राजाच्या खर्चाने होणारी नाटकं राजांबरोबर गेली. राहिली पूजेतली एक वनस्पती, ती देवळांनी नेली.

ती वनस्पती कोणती?

दवणा. संस्कृतात दमनक. चैत्रात देवाला दवणा वाहतात त्या विधीला दमनकारोपण म्हणतात, आणि वेगवेगळ्या देवांना वेगवेगळी तिथी नेमून दिली आहे. चैत्र शुद्ध चतुर्दशीचं पंचांगातलं नावच दमनक चतुर्दशी. म्हणजे अनंग त्रयोदशीचा दुसराच दिवस.

कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीला जोतिबाची चैत्र यात्रा भरते तेव्हा गुलाल, सासनकाठ्या आणि ‘चांगभलं’च्या गजरात हा दवणा ढिगांनी दिसतो. जुडी हातात घेतली तर राखाडी-हिरवी, शेपूसारखी चिरलेली नाजूक पानं आणि चोळल्यावर गोड पण जरा उग्र वास, तो साबणानेही लवकर जात नाही. गुलालाने माखलेला माणूस तोंडाने देवाचं नाव घेत कपाळाला जुडी लावतो आणि घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवतो. आमच्या घरी सुकलेली जुडी लुगड्यांच्या घडीत जायची. ट्रंक उघडली की डांबराच्या गोळ्यांच्या आधी दवण्याचा वास यायचा.

तिथे उभं राहून ‘हे मदनाच्या सणाचं आहे बरं का’ असं सांगायला जाऊ नका. जोतिबाच्या भक्ताला त्याची गरज नाही.

पंढरपूरला वसंत पंचमीला काय असतं?

विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा. त्या दिवशी देवाला पांढरा पोशाख चढतो, त्यावर रंग उधळतात. मदनाचं नाव कुठेही नाही, पण वसंताचा पहिला दिवस लग्नासाठी निवडावा हे मला फार गोड वाटतं.

मदनोत्सव व्हॅलेंटाईन डेपेक्षा जुना का?

हो. व्हॅलेंटाईन नावाचे हुतात्मे रोमन काळातले, पण त्यांच्या दिवसाचा प्रेमाशी संबंध दिसू लागतो तो चौदाव्या शतकात, चॉसर या इंग्रज कवीच्या पक्ष्यांच्या संमेलनावरच्या कवितेत. तिथे पक्षी त्या दिवशी जोडीदार निवडायला जमतात. सुवसंतक त्याच्या हजारेक वर्षं आधीचा. पण दोन्ही सणांची जात वेगळी असल्यामुळे या शर्यतीत जिंकून हातात काही येत नाही.

दुष्यंताने हा सण बंद केला होता, असं ऐकलंय?

‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात. अंगठी सापडते, आठवण परत येते, आणि पश्चात्तापाने राजा वसंतोत्सवावर बंदी घालतो. दोन दासींना ते माहीत नसतं. त्या आंब्याचा मोहोर खुडून कामदेवाला वाहतात आणि म्हातारा कंचुकी, म्हणजे अंतःपुराचा कारभारी, त्यांच्यावर ओरडतो. एका माणसाचं दुःख अख्ख्या नगरीच्या सणावर, असा तो प्रकार.

आमच्या सोसायटीत अशोकाची झाडं आहेत. त्यांच्याखाली पूजा चालेल का?

उंच, सरळसोट, खाली झुकलेल्या लांब पानांची, भिंतीलगत रांगेने लावलेली असतील तर तो अशोक नव्हे. त्याला खोटा अशोक किंवा आसुपालव म्हणतात, आणि त्याची हिरवट फुलं कुणाच्या लक्षातही येत नाहीत. वासवदत्तेचा तो सीता अशोक. तो बुटका, डेरेदार, कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान फांदीवरच गुच्छ फुटतात, आधी पिवळट-नारिंगी आणि मग लाल होत जाणारे. जुन्या बागांत, काही महाविद्यालयांच्या आवारात तो असतो. रोपवाटिकेत मागताना ‘सीता अशोक’ असंच म्हणा, नाहीतर आसुपालवच गळ्यात मारतील. फुलायला काही वर्षं लागतात. लाथ मारून लवकर फुलत नाही, आमच्याकडे करून पाहिलंय.